हात कोणाचे होते

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडली न्हाई. धाकट्या भावाला सांगितली न्हाई, जिनिंगमधल्या दोस्तांना सांगितली न्हाई, आणि जिचा जीव गेला होता तिला तर न्हाईच न्हाई. बायकोला सांगायची गरज पडली न्हाई — तिला माहीत आहे. तिच्याएवढं बराबर कोणालाच माहीत न्हाई. पण तीबी बोलत न्हाई. म्हणजे बघा, एका घरात दोन माणसं, दोघांच्या पोटात एकच गोष्ट, आणि चार उन्हाळे झाले, आमी दोघं समोरासमोर बसून चहा पिऊन राहिलो.

तुमाला काहून सांगतो? तुमी मला ओळखत न्हाई म्हणून असंल. ओळखीच्या माणसापुढं माझं तोंड लई चालतं, पण ते दुसऱ्याच विषयावर.

पहिल्यांदी एक सांगू द्या — आमच्या घरात सुख आहे. मी आत्ता खिडकीत बसलो आहे आणि अंगणात माझी भावजय करुणा तिच्या पोरीच्या केसांना रबर लावून राहिली आहे. पोरगी डोकं हलवते, करुणा दटावते, पोरगी अजून हलवते. आतून शीला, म्हणजे माझी बायको, ओरडते की सोड त्या लेकराला, राहू दे केस मोकळे. हे सगळं मला फुकटात मिळालेलं आहे. हे बंद पडलं असतं. असतं काय — बंद पडलंच होतं. मग ते परत चालू कोणी केलं? गाव म्हणतं, मी. हिंगोलीचे डॉक्टर म्हणतात, मी. करुणा म्हणते, दादांनी.

थांबा. नीट पहिल्यापासून सांगतो, न्हाईतर मी असाच गोल गोल फिरत बसंन. मला माझा स्वभाव माहीत आहे.

मी कापसाच्या जिनिंगमध्ये शिफ्ट सुपरवायझर आहे. सेनगाव रोडला आमची जिनिंग आहे आणि तिथून पुढं आमचं गाव. त्या वर्षी मालकाच्या डोक्यात आलं की प्रत्येक शिफ्टला एक माणूस तरी असा पाहिजे ज्याला सीपीआर येतो. म्हणजे कोणाचं काळीज थांबलं, श्वास थांबला, तर छाती दाबून त्याला दवाखान्यात नेईपर्यंत धरून ठेवायचं. हिंगोलीला ट्रेनिंग होणार, मग आठवडाभर घरी तयारी करायची आणि मग परीक्षा — थोडी कागदावर, थोडी पुतळ्यावर. पास झालं की सर्टिफिकेट. आमच्या शिफ्टमधून माझं नाव गेलं. मी बोलतो चांगला, म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं.

ट्रेनिंगला आमी सगळे गडीमाणसंच होतो. जमिनीवर एक पुतळा ठेवला होता, कमरेपासून वरचा, पांढरट, डोळे मिटलेला, पुरुषाचा. बराबर खोल दाबलं की आतून टक् असा आवाज यायचा, आणि ज्याचा टक् वाजला त्याला बाकीचे वा वा म्हणायचे. शिकवणारे सर नांदेडकडचे होते, कडक होते. ते म्हणाले की माणूस पडला की जात बघू नका, नातं बघू नका, बाई का माणूस बघू नका. छातीच्या मधोमध तळहात ठेवा आणि दाबायला लागा. मागून कोणीतरी विचारलं, सर, बाई असली तर? सर म्हणाले, बाईला काळीज नसतं का? सगळे हसले. मीबी हसलो. आज वाटतं, त्या वेळी हसायच्या ऐवजी मी स्वतःला एकदा विचारायला पाहिजे होतं. पण त्या पुतळ्याला पदर नव्हता ना. मला कशाला सुचतंय?

घरी तयारी सुरू झाली. दहावीनंतर मी परीक्षा अशी दिलीच नव्हती. शीलानं तुरीचं अर्धं पोतं बाजेखालून ओढून काढलं, मध्ये खडूनं फुली मारली आणि म्हणाली, हा घ्या तुमचा पेशंट. ती छापील पुस्तिका हातात घेऊन सवाल विचारायची, त्या सरांच्या आवाजात, चष्मा नसताना चष्मा वर सरकवून. मी चुकलो की म्हणायची, मेला. तुमचा पेशंट मेला, आता त्याच्या बायकोला काय सांगता? मी दोन फेऱ्यांत घामेघूम व्हायचो, गुडघे भरून यायचे. मग ती म्हणायची, सरका, मी बघते. आणि पोत्यापुढं गुडघे टेकून, साडी खोचून, अशी दाबायची की जणू मिरची कांडून राहिली आहे. मी म्हणायचो, कोपर वाकवू नको, हात सरळ ठेव. तिला मजा वाटायची. एकदा तिनं विचारलं, माणूसबी टक् वाजतं का हो? सरांनी ते सांगितलं नव्हतं.

करुणा हे सगळं स्वयंपाकघराच्या दारातून बघायची, पदर तोंडात धरून हसत. बाहेर यायची न्हाई. मी तिच्या नवऱ्याचा थोरला भाऊ, म्हणजे तिचा भाया. आमच्याकडं भावजय भायापुढं बाजेवर बसत न्हाई, डोक्यावरचा पदर पडू देत न्हाई, आणि भायाच्या हाताला तिचा हात लागत न्हाई. लग्न होऊन ती घरात आली त्याला दोन वर्षं होऊन गेली होती, पण चहाचा कप तिनं कधी माझ्या हातात दिला नव्हता. ओट्यावर ठेवायची, मी उचलायचो. मी तिला नावानं हाक मारत नव्हतो. काही सांगायचं असलं तर शीलाला सांगायचो, मग शीला तिला सांगायची, ती दोन हातांवर उभी असली तरी.

हा नियम कोणी केला? मी न्हाई केला. पण मोडलाबी न्हाई. आणि खरं सांगू का — मला तो आवडत होता. आपण खोलीत आलो की कोणीतरी उठून उभं राहतं, हे बरं वाटतं माणसाला. आता ह्यातली गंमत ऐका. दर वर्षी जयंतीला आमच्या गावात माईक माझ्या हातात असतो. जुन्या रूढी गाडून टाका, बाईला माणूस म्हणून वागवा, हे मी अंगावर काटा येईल असं बोलतो. लोक म्हणतात, बोलावं तर ह्यानं. करुणानंबी मागं बायकांत बसून ते ऐकलं होतं. डोक्यावर पदर घेऊन.

तर तो दिवस. मे महिना, दुपार. माझी त्या आठवड्यात रात्रपाळी होती म्हणून मी घरी होतो. भाऊ मिलिंद जीप घेऊन औंढ्याला गेला होता, नागनाथाचे भाविक सोडायला. शीला शेजारच्या गफूरभाईच्या गच्चीवर होती. दर उन्हाळ्यात ती आणि भाभी मिळून कुरडया घालतात, त्यांची गच्ची मोठी म्हणून. घरात मी आणि करुणा. मी पुढच्या खोलीत पुस्तिका घेऊन पाठ करत होतो. सांगतो तुमाला मी काय पाठ करत होतो — आधी आपण सुरक्षित आहोत का बघा, खांदे हलवून हाक मारा, मदत बोलवा, श्वास बघा, दाबायला लागा. हेच. शब्द न् शब्द हेच.

आतल्या खोलीत कळशी पडल्याचा आवाज आला.

आमच्याकडं कूलर चालू ठेवूनच त्यात पाणी ओततात. सगळेच. उन्हात दोन मिनिटं कोण बंद ठेवतंय? करुणानं ओले हात त्या पत्र्याला लावले असतील. मी आत गेलो तर ती खाली पडलेली, सगळीकडं पाणी, कूलर चालूच. मी बाहेरून फिरून भिंतीवरचं बटण बंद केलं, वायर काढली. एवढं मी बराबर केलं. माझ्या हातून त्या दिवशी जे बरं झालं ते एवढंच, आणि ते मी लपवत न्हाई.

मग पुढचं. खांदे हलवून हाक मारा. मी तिच्या खांद्याला हात लावला न्हाई. मी दाराची कडी वाजवली. जोरात वाजवली. ती हलली न्हाई. श्वास बघा — बघितला, लांबूनच. छाती हलत नव्हती. ओठ निळसर व्हायला लागले होते. मला कळलं. हे बघा, मला कळलं नव्हतं असं मी म्हणू शकत न्हाई. त्या घडीला साऱ्या गावात हे जर कोणाला कळत असंल तर मला कळत होतं.

तिचा पदर पडला होता. साडी भिजून अंगाला चिकटली होती. आणि मी काय केलं? दोरीवरचा टॉवेल ओढला आणि तिच्या अंगावर टाकला. तोंड वळवून टाकला. मेलेल्या माणसावर टाकतात तसा. माझ्या डोक्यात सर नव्हते, पुस्तिका नव्हती, करुणासुद्धा नव्हती. आत्ता कोणी आलं आणि त्यानं मला भावजयीच्या छातीवर हात ठेवून बसलेलं बघितलं तर — हेच होतं. हेच एक.

मग मी बाहेर गेलो. पळालो न्हाई, चालत गेलो. फाटकात उभं राहून वर बघून हाक मारली, अगं ए, खाली ये. शीलाला वाटलं चहा पाहिजे असंल. ती म्हणाली, एवढा घाणा घालून येते. आणि मी तिला सांगितलं का, की करुणा पडली आहे, तिचा श्वास बंद आहे? न्हाई. वर चार बायका होत्या, त्यांच्यापुढं कसं सांगावं, असं वाटलं. मी म्हणलं, जरा लवकर ये. आणि उभा राहिलो. उन्हात, फाटकाला धरून उभा राहिलो. किती वेळ ते मला माहीत न्हाई. मोजलं न्हाई. मोजायला शिकलो होतो, पण मोजलं न्हाई.

शीलानं कठड्यावरून वाकून माझं तोंड बघितलं आणि हात तसेच चिकाचे घेऊन खाली पळत आली. दारात आली, करुणाला बघितलं, टॉवेल बघितला, मग मला बघितलं.

"दाबलं का?"

मी म्हणलं, "मी भाया आहे."

"भाया गेला चुलीत," ती म्हणाली. "मोजा."

तिनं तो टॉवेल भिरकावला. गुडघ्यावर बसली, पाण्यातच. तळहात ठेवला, त्यावर दुसरा ठेवला, आणि दाबायला लागली. मी भिंतीकडं तोंड केलं आणि मोजायला लागलो. व्हय — त्या वेळीसुद्धा भिंतीकडं. मागं माझी बायको एका पोरीला मरणातून ओढून राहिली होती आणि मी चुन्याच्या पोपड्यांकडं बघत तीस म्हणत होतो, आता मान मागं कर म्हणत होतो, नाक धर, दोनदा फुंक, परत दाब. शीला रडत होती आणि शिव्या देत होती, कूलरला, मला, करुणाला. ए करुणे, ऊठ, ए बाई, एवढ्या कुरडया मी एकटी खाऊ का, ऊठ. तिचा दम लागलेला मला ऐकू येत होता. मध्येच एक कुडकन आवाज आला. ती थांबली न्हाई.

मग एक उचकी आली. मग खोकला. मग जो श्वास ओढल्याचा आवाज आला, तो मी मरेपर्यंत विसरणार न्हाई. एवढा गोड आवाज मी उभ्या जन्मात ऐकला न्हाई. मी वळलो तेव्हा शीला मागं टेकून बसली होती, उजवं मनगट डाव्या हातात धरून, आणि करुणाचे डोळे अर्धवट उघडे होते.

गफूरभाईनं पिकअप काढली. भाभीनं मागं गादी टाकली. शीला करुणाचं डोकं मांडीवर घेऊन मागं, मी पुढं. गफूरभाई सारखा म्हणत होता, अल्ला का शुकर है भाई, अल्ला का शुकर है, और तुमारी ट्रेनिंग का. मी हूं हूं करत होतो. तिथंच मला बोलायचं होतं. तिथं एकच माणूस होता ऐकायला, आणि तो भला माणूस होता.

दवाखान्यात करुणाला आत नेलं, शीला तिच्यासोबत गेली. थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर आले. तोवर मिलिंदबी जीप दामटत आला होता, त्याचं तोंड बघवत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, वाचली. छातीची एक बरगडी मोडली आहे, पण ते होतंच, नीट दाबलं म्हणजे होतं. ज्यानं केलं त्यानं एक क्षण वाया घालवला न्हाई, म्हणून वाचली. मग त्यांनी विचारलं, कोणी केलं?

गफूरभाईनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

आणि मी म्हणलं, "मी."

हेच ते. एवढंच सांगायला एवढं फिरलो. त्यात एकच अक्षर आहे. कोणी मला बोलायला लावलं न्हाई, जबरदस्ती केली न्हाई. न्हाई, माझ्या बायकोनं केलं, असं म्हणायला कितीसा दम लागला असता? मिलिंद तिथंच, फरशीवर, माझ्या पायांवर डोकं ठेवून रडायला लागला. मी त्याला उठवलं. मोठ्या भावासारखं उठवलं. शीला आतून बाहेर आली तेव्हा मिलिंद तिला सांगत होता, वहिनी, दादानं वाचवलं, दादानं. तिनं माझ्याकडं बघितलं. मग पदरानं मनगट झाकलं आणि म्हणाली, तिला पाणी देऊ नका म्हणालेत अजून.

जे करायची मला लाज वाटली, ते केलं असं सांगायची मला लाज वाटली न्हाई. ह्याचा उलगडा मला अजून झालेला न्हाई. आणि सगळ्यात मोठी चपराक म्हणजे ही, की गावात एक माणूस, एक बाई, एक म्हातारी काही बोलली न्हाई. भायानं भावजयीला हात लावला म्हणून कोणी नाक मुरडलं न्हाई. ज्यांना मी सगळ्यात भ्यायचो त्या गल्लीतल्या म्हाताऱ्या काठी टेकत आल्या आणि माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाल्या, बरं केलंस रे बाबा, लेकरू वाचलं. ज्या लोकांच्या भीतीनं मी त्या पोरीला जमिनीवर सोडून फाटकात जाऊन उभा राहिलो, ते लोक असे होते. मी त्यांना ओळखतच नव्हतो म्हणायचं, दुसरं काय?

शीलाचं मनगट टम्म सुजलं होतं. भाभीनं विचारलं, काय झालं? शीला बोलायच्या आत मी म्हणलं, घाईत दारात आपटलं. बघा, तेवढंसुद्धा मी तिच्याकडं राहू दिलं न्हाई. महिनाभर तिला भाकरी थापता येत नव्हती. मी थापायला बसलो, वेड्यावाकड्या थापल्या. तिनं हसून खाल्ल्या.

चार दिवसांनी परीक्षा होती. मी पास झालो. सरांना बातमी लागली होती, त्यांनी सगळ्यांपुढं मला उभं केलं आणि सांगायला लावलं. मी सांगितलं. बोलतो चांगला ना मी. जिनिंगमध्ये सत्कार झाला, शाल, नारळ, हार. शाल आणून मी शीलाच्या खांद्यावर टाकली. तिनं ती काढली, नीट घडी घातली आणि म्हणाली, तुमची आहे, तुमच्या पेटीत ठेवा. रागानं न्हाई म्हणाली. तिला राग आला की भांडी वाजतात, तेव्हा भांडी वाजली न्हाईत. मला ती वाजायला पाहिजे होती.

करुणा घरी आली आणि बदलली. पहिल्यांदा तिनं चहाचा कप माझ्या हातात दिला तेव्हा मी घाबरून सांडवला. ती म्हणाली, दादा, आता कसली लाज, तुमीच तर परत आणलं. डोक्यावरचा पदर गेला. ती माझ्याशी भांडायला लागली, भाजीतल्या मिठावरून, टीव्हीवरून, माझ्या मोठ्यानं बोलण्यावरून. माझी चेष्टा करते. घरात वारा खेळल्यासारखं झालं. मग तिला पोरगी झाली. दवाखान्यातून आणली तेव्हा तिनं ते लेकरू पहिल्यांदा माझ्या हातात दिलं. आजी-आजोबाच्या आधी, बापाच्या आधी. म्हणाली, ज्या हातांनी मला आणलं त्या हातात आधी. शीला शेजारीच उभी होती. ती एवढंच म्हणाली, मान सांभाळा, नीट धरा.

कधी कधी करुणा दूध चुलीवर ठेवून विसरते. नाव विसरते, कुठं काय ठेवलं ते विसरते, आणि स्वतःवरच हसते. डॉक्टर म्हणतात काही न्हाई, बाळंतपणानंतर होतं असं. असंलबी. पहिल्यापासून विसरभोळी असंल, मला काय माहीत, मी तेव्हा तिच्याशी बोलतच नव्हतो. पण दूध उतू गेल्याचा वास आला की मला ते फाटक आठवतं.

एकदाच मी शीलापाशी विषय काढला. तूर सोंगून आलो होतो, दोघंच होतो. म्हणलं, सांगून टाकू का करुणाला? ती म्हणाली, पोरगी ह्या घरात मोकळी झाली ते तुमच्यामुळं झालं असं तिला वाटतं, आता ते काढून घेऊन तिला काय देणार तुमी? मला बरं वाटलं. बरं वाटलं हे वाईट आहे, मला कळतं. ती करुणाचा विचार करून बोलली होती आणि मी ते वाक्य उचलून माझ्या पाठीशी लावलं.

आता ह्या महिन्यातलं सांगतो, त्याच्यामुळंच लिहायला बसलो. गावातल्या बचत गटाच्या बायकांसाठी तेच ट्रेनिंग आलं. नाव घालणाऱ्यांत पहिली शीला, दुसरी करुणा. पुन्हा तुरीचं पोतं निघालं. आता पुस्तिका माझ्या हातात, सवाल मी विचारतो, आणि ह्या दोघी पोत्यावर वाकून एकमेकींना ढकलून राहिल्या. करुणा चुकली की शीला म्हणते, मेला. पोरगीबी शिकली, बाहुलीला दाबते आणि मेला म्हणते. मी हसतो. इतकं हसतो की डोळ्यांत पाणी येतं, आणि त्यांना वाटतं हसूनच आलं.

परवा सेनगावला परीक्षा झाली. मी आणि मिलिंद त्यांना घेऊन गेलो, हॉलच्या दारात उभे राहिलो. परीक्षा घेणाऱ्या मॅडम होत्या. शीलाचा नंबर आला. ती साडी खोचून बसली, हात ठेवले, दाबायला लागली. टक्, टक्, टक्, एकसुद्धा चुकला न्हाई. मॅडम बघतच राहिल्या. म्हणाल्या, ताई, तुमचा हात बसलेला आहे, तुमी खऱ्या माणसावर केलंय का कधी?

करुणा तिच्या मागंच रांगेत होती.

शीलानं माझ्याकडं बघितलं न्हाई. तिनं कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाली, "न्हाई, मॅडम. आमच्या ह्यांनी केलंय. मी नुसतं बघितलं."

"आणि ती पडलेली मी," करुणा म्हणाली. हसत, हात वर करून.

सगळ्या बायका वळल्या. मॅडमनी दाराकडं बघून मला हात जोडले. मीबी जोडले.

दोघी पास झाल्या. येताना मिलिंद जीप चालवत होता, मी त्याच्या शेजारी, त्या दोघी मागं. करुणाला गाडीत बसलं की झोप लागते, ती शीलाच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती, तोंड थोडं उघडं, बारीक घोरत. मिलिंद म्हणाला, हळू बोल, झोपली ती. मी बोलतच नव्हतो. मी तिचा श्वास ऐकत होतो. तो आत जात होता, बाहेर येत होता. तो शीलानं दिलेला आहे.